तिनं विचारायचं कधी सोडलं

कादंबरीतला माणूस कशाच्या तरी शोधात घराबाहेर पडतो आणि शेवटी त्याला सापडतो तो स्वतःच, हे मी पुढं कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. सभेत ऐकलं, वर्गात ऐकलं. एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी ते मला इतक्या गंभीरपणे समजावून सांगितलं की हसू दाबायला मी खिडकीबाहेर तोंड काढलं. मला काय सांगता, महाराज! मी हे पाझर तलावाच्या बांधावर शिकलेय, डोक्यावरची मातीची पाटी उतरवून. आणि माझ्याबरोबर ज्या बाया होत्या त्यांनी ते असं सहजासहजी मान्यही केलं नव्हतं. आधी भांडल्या, मग पुस्तक उलटं चाळायला लावलं, आणि पुरावा हातात आल्यावरच माना हलवल्या.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे. आमचं गाव तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठावर. काठावर म्हणायचं एवढंच, त्या वर्षी नदीच्या पात्रात गुरं बसायची. मी मॅट्रिक होऊन घरी होते. आमच्या बौद्ध वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, म्हणून काही दिवस माझं कौतुक झालं. मग दुष्काळी काम निघालं आणि कौतुकासकट मी मायबरोबर पाट्या वाहायला गेले. वडील पुरुषांच्या टोळीत खोदायला, आम्ही दोघी बायांच्या टोळीत.

पुस्तक मिळालं ते सोसायटीच्या गोदामात. खत नाही, बियाणं नाही, त्यामुळं गोदाम रिकामं पडलेलं. गटसचिवांनी ते झाडायला काढलं तेव्हा कोपऱ्यात एक कपाट निघालं. कधीकाळी सोसायटीनं वाचनालय काढायचं ठरवलं होतं म्हणे. ठराव झाला, कपाट आलं, थोडी पुस्तकं आली आणि उत्साह तिथंच संपला. आतली बहुतेक पुस्तकं वाळवीनं फस्त केली होती. एक जाडजूड कादंबरी तेवढी बचावली होती, तीही कव्हर आणि नावाचं पान गमावून. तिचं नाव काय, लिहिली कुणी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही. सचिव म्हणाले, "घेऊन जा. वाळवीनं खान्यापरीस तू खा." मी घरी येईपर्यंत चालता चालता पहिला अध्याय संपवला आणि दोनदा ठेचकाळले.

कादंबरीतली बाई तरुण आहे. तिचा भाऊ भांडून घर सोडून गेलाय. आईनं पोराच्या काळजीनं अन्न सोडलंय, म्हणून ही म्हणते, मी त्याला शोधून आणते. आणि एक पिशवी घेऊन निघते. बस्स, एवढंच. पण मला ते वाचून असं काही झालं की रात्रभर कुणीतरी हाक मारतंय असं वाटत राहिलं. बाई एकटी निघते! तिला कुणी अडवत नाही, आणि अडवलं तर ती ऐकत नाही! मी चार दिवसांत पुस्तक संपवलं आणि लगेच पुन्हा पहिल्या पानावर आले.

कामावर दुपारच्या सुट्टीत मी बाभळीखाली बसून वाचायचे. माय म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचायलीस? आमाला बी कळू दे की." मग मी मोठ्यानं वाचायला लागले. तिथं दोन बाभळी होत्या. एकीखाली आमच्या वस्तीतल्या बाया, दुसरीखाली गावातल्या. टोळी एकच, पाट्या एकमेकींच्या डोक्यावर चढवायच्या, पण भाकरी सोडायची वेळ झाली की दोन बाभळी. मला याचा राग यायचा आणि तो मला लपवता येत नव्हता.

दुसऱ्या बाभळीखाली टोळीची म्होरकी बसायची. सगळ्या तिला काकू म्हणायच्या. उंच, आवाज खणखणीत, शेत बरंच, पण त्या वर्षी शेताला कोण विचारतंय. ती तिकडून ओरडली, "ए पोरी, जरा जोरानं वाच की. निम्मं कळायलंय, निम्मं न्हाय."

मी म्हणाले, "ऐकायचं आसंल तर हिकडं या, काकू. माजा घसा काय लाउडस्पीकर न्हाय."

मायनं मला चिमटा काढला. काकूनं क्षणभर बघितलं, मग भाकरीचं फडकं उचललं आणि येऊन आमच्या बाभळीखाली टेकली. तिच्या मागं हळूहळू बाकीच्या आल्या. जागा पुरेना तेव्हा मीच उन्हात सरकले. दुसऱ्या दिवसापासून दुसरी बाभळ रिकामीच राहायची.

आता गंमत अशी, की मोठ्यानं वाचलेलं ऐकायची सवय सगळ्यांनाच होती. गावात श्रावणात पोथी लागायची. आमच्याकडं वर्षावासात विहारात ग्रंथ वाचला जायचा. दोन्हीकडं शिस्त साधारण एकच. एकदा लावलं की शेवटापर्यंत न्यायचं, मधेच कुणी उठायचं नाही. काकूनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "अध्याय मोडायचा न्हाय." मी समजावलं की ही पोथी नाही, कादंबरी आहे, कुणीतरी मनानं रचलेली गोष्ट. काकू म्हणाली, "आसू दे रचलेली. ऐकायला बसलो म्हंजी बसलो."

या शिस्तीनं एकदा चांगलाच घोळ झाला. बाई बिनतिकिटाची रेल्वेत बसलीय, तिकीट तपासणारा डब्यात शिरलाय, आणि इकडं मुकादमानं शिट्टी मारली. एकही बाई उठली नाही. मुकादम तावातावानं आला. काकू बसल्या जागेवरून म्हणाली, "अध्याय मोडल्याचं पाप तुमच्या माथी. घेता का?" मुकादम देवभोळा माणूस. तो शिट्टी हातात धरून उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्यानंही ऐकलं की तपासनीस उतरून गेला आणि बाई वाचली. "वाचली का?" त्यानं विचारलं. बायांनी "व्हय" म्हणून एकच गलका केला. त्या दिवशीचं माप भरायला संध्याकाळी सगळ्यांना पळावं लागलं, पण पळताना तोंडात दुसरा विषय नव्हता. पुढं मुकादम शिट्टी मारायच्या आधी माझ्याकडं बघायचा आणि मी मानेनंच अजून थोडं राहिल्याचं सांगायचे.

कादंबरीतली बाई गावोगाव जाते आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारते, "हनुवटीवर व्रण असलेला, हळू बोलणारा मुलगा पाहिलात का?" बायांना हे पाठ झालं. मी तिथवर आले की थांबायचे आणि सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या, हनुवटीवर व्रण असलेला, हळू बोलणारा. काम करतानाही चालायचं. एखादीचं घमेलं सापडेना झालं की दुसरी ओरडायची, "हनुवटीवर व्रण हाय का त्याच्या?" आणि बांधभर हशा. उपाशीपोटी, कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर दिवस काढणाऱ्या बाया इतक्या हसू शकतात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. मी सकाळी उठायचे तीच दुपारची वाट बघत.

भावाचा माग काढत बाई समुद्रकाठच्या एका गावी येते. आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता, मीही नाही.

"येवढं पानी, आन् पिता येत न्हाय?" काकूला पटेना.

"खारट असतं, काकू."

"मग धुनं तरी धुता येतंय का?" मायनं विचारलं.

पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. मला लेखकाचा भयंकर राग आला. सूर्यास्ताचं पानभर वर्णन केलंय बाबानं, आणि कामाचं एक अक्षर नाही! आम्ही टँकरच्या पाण्यासाठी अर्धा दिवस रांगेत राहणाऱ्या बाया, आम्हाला तेवढंच महत्त्वाचं होतं. त्या दुपारी समुद्रावर इतका वाद झाला की वाचन पुढं सरकलंच नाही.

तर त्या गावात बाई एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात राहते. आधी फरशी पुसते, मग पट्ट्या बांधायला शिकते, मग औषधं द्यायला लागते. कोळणी पहाटे पहाटे तिचं दार वाजवतात. हे अध्याय मी जरा भरभर वाचायचे. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. श्वास वाढायचा एवढं खरं.

याच दिवसांत मला लोहारा गावचं स्थळ आलं. मुलगा तहसील कचेरीत कारकून. आमच्या लोकांत नोकरीवाला मुलगा म्हणजे काय विचारता! आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मी मायला भंडावून सोडलं. उंच आहे का? सायकल आहे का? घराजवळ पाणी आहे का? बहिणी किती? सासू कशी आहे? बायांना तर चघळायला विषयच मिळाला. दुसरीकडं शाळेच्या हेडमास्तरांनी वडिलांना सांगून ठेवलं होतं, पोरीला उस्मानाबादच्या कॉलेजात घाला, मुलींच्या वसतिगृहात जागा बघू. वडील "बघू" म्हणाले होते. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, पण उद्या सांगतो. लोहाऱ्याची मंडळी उन्हाळा सरताना बघायला येणार होती. आली आणि मी पसंत पडले की विषय संपला, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग शेवटचा अध्याय आला. त्या दिवशी काकूनं कुठून तरी नारळ आणला. पोथी संपायची म्हटल्यावर नारळ नको? मुकादम शिट्टी खिशात घालून सरळ मांडी घालूनच बसला. मला शेवट माहीत होता, तरी मी घाईघाईनं पान उघडलं.

शेवटी असं होतं. बाईला पक्की खबर लागते की भाऊ पुढच्याच शहरात आहे. ती पिशवी भरते, निघते, वाटेला लागते. तेवढ्यात मागून कुणीतरी धावत येतं. एका पोराच्या पायात लोखंड घुसलंय, डॉक्टरीणबाई गावात नाहीत. बाई उभी राहते. एकदा पुढच्या रस्त्याकडं बघते आणि मागं वळते. दवाखान्याचं दार उघडते, पिशवी खाली ठेवते आणि विचारते, "काय झालंय, बघू?"

"पान उलट," काकू म्हणाली.

"संपलं, काकू."

"संपलं? आन् भाऊ?"

"सापडत नाही."

"सापडत न्हाय का ही हुडकीत न्हाय?" काकू ताडकन उठली. "लोखंड काडून झाल्यावर तरी जायाचं की!"

मग जे रण पेटलं! कुणी म्हणालं बाई कृतघ्न, कुणी म्हणालं लेखकाला झोप आली असणार. काकू नारळ हातात घेऊन उभीच. "आन् फळ? पोथी ऐकली की सेवटाला फळ सांगतेत. कुनाला लेकरू, कुनाला धन, कुनाचं दुखनं बरं. हिचं फळ काय लिवलंय?"

"कादंबरीत फळ लिहिलेलं नसतं."

"मग आमी येवढे दिस उनात कशाला बसलो?"

मी घाईघाईनं सुचेल ते बोलले. म्हणाले, तिला भाऊ सापडला नाही, पण ती स्वतः सापडली. माझं मलाच ते फार थोर वाटलं. काकूला वाटलं नाही.

"कवा सापडली? दाव. कोनत्या पानावर?"

आता आली का पंचाईत! मी पान दाखवू शकेना. तेव्हा माय म्हणाली, "ती भावाला इचारत हुती न्हवं गावोगाव? मग इचारायचं कवा सोडलं ते बघ. तितंच आसंल."

मी पानं मागं उलटायला लागले. सगळ्या माझ्यावर ओणवल्या, ज्यांना एक अक्षर येत नव्हतं त्याही. शेवटचा अध्याय, नाही. त्याच्या आधीचा, नाही. दवाखान्याच्या सगळ्या अध्यायांतली ओळ न् ओळ मी बोटानं चाचपली. कुठंच नाही! एक बाई म्हणाली, "आगं, आपन तर ते म्हनायचंच इसरलो की! लई दिस झाले, हनुवटी तोंडात आली न्हाय." आणि खरंच की! आम्ही एका सुरात म्हणायच्या ते कधी बंद पडलं, कुणालाच आठवेना. मी मागं मागं गेले आणि अखेर ते मिळालं. समुद्रकाठी ती पहिल्यांदा उतरते तेव्हा धक्क्यावरच्या एका नावाड्याला विचारते. तेच शेवटचं. त्यानंतर अर्धी कादंबरी ती त्या गावात आहे आणि शेवटची ती खबर आपणहून येईपर्यंत भावाचा शब्द नाही.

"समुद्रापाशी!" मी ओरडले. "समुद्रापाशी सोडलं!"

"आन् तिला ठाऊकच न्हाय!" काकू ओरडली. "आपल्याला बी ठाऊक न्हाय! आपन पान्यावर भांडत बसलो!" तिनं मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. मुकादम पुनःपुन्हा म्हणत होता, "दावा मला, कुटं हाय, दावा." मला इतका आनंद झाला होता की उभी राहू का बसू कळेना. हे पुस्तक मी तोंडपाठ करत आणलं होतं आणि तरी हे आत्ता, सगळ्यांच्या गलक्यात, पहिल्यांदा दिसत होतं.

तेवढ्यात काकू माझ्याकडं बघून थांबली. आवाज एकदम खाली आला.

"आन् तू गं? तू लोहाऱ्याचं इचारायचं कवा सोडलंस?"

सगळ्या माझ्याकडं वळल्या. मायनं मान वर केली.

मी पुस्तक मिटलं. मी आठवायला लागले. सायकल, पाणी, सासू, सगळं मी विचारलं होतं. मग? मग कधी? दवाखान्याचे अध्याय सुरू झाल्यापासून मी त्या मुलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कुणी मला सांगितलं नव्हतं, मीही ठरवलं नव्हतं. आणि ते लक्षात येताच मला हसूच फुटलं.

"मला उस्मानाबादला जायचंय," मी म्हणाले. "कॉलेजात."

"कशाला?"

"ते ठाऊक न्हाय, काकू."

"हां!" काकूनं नारळ दगडावर आपटला. "हे घ्या फळ."

बाया हसल्या, खोबरं वाटलं गेलं, मुकादमाला आठवण झाली आणि त्यानं शिट्टी मारली. फक्त माय थांबली नाही. तिनं पाटी उचलली आणि निघून गेली. सबंध दुपार ती माझ्यापुढं चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती. मला भीती वाटत होती. पण गंमत बघा, भीतीखाली तो आनंद तसाच उड्या मारत होता. एकदा तोंडातून बाहेर पडलेलं आता मला परत घ्यायचं नव्हतं, मग ती कितीही रागावो.

सुट्टी झाल्यावर आम्ही दोघी पांदीच्या वाटेनं घरी निघालो. बरंच अंतर गेल्यावर माय म्हणाली, "त्या बाईची आई वाट बघत बसली आसंल, न्हाय?"

"कोण?"

"पुस्तकातली. पोरगा गेला म्हनून पोरीला धाडलं. आता पोरगी बी तिकडंच ऱ्हायली. तिला कुनी सांगितलं का?"

मी मनातल्या मनात सगळी कादंबरी धुंडाळली. पहिल्या अध्यायात आई दारात उभी आहे. त्यानंतर ती कुठंच नाही.

"न्हाय, माय. कुनीच न्हाय सांगितलं."

"लिवनाऱ्याच्या ध्यानात आलं न्हाय. तुमच्या बी न्हाय. सगळ्याजनी भावाच्या मागं." ती चालत राहिली. मग म्हणाली, "तू जा. लोहाऱ्याला मी निरोप धाडते, तुज्या बाला बी मी सांगते. पर पोचलीस की कळव. मला तिच्यावानी बसवू नको."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

वडिलांना तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण या वेळी ते "बघू" म्हणाले नाहीत. कॉलेज उघडलं तशी मी गेले. उस्मानाबादच्या स्टँडवर पत्र्याची पेटी घेऊन उतरले, आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं, आणि मला नुसतं पळत सुटावं असं वाटत होतं, इतकी खूश होते मी. वसतिगृह शोधायच्या आधी मी बसच्या कंडक्टरला गाठलं. त्याला तीच गाडी घेऊन परत आमच्या बाजूला जायचं होतं. म्हणाले, बांधाजवळच्या आमच्या फाट्यावर माझी माय दिसली तर सांगा, पोचली म्हणून.

दुसऱ्या दिवशी तास चुकवून मी स्टँडवर गेले. कंडक्टर मला बघताच हसायला लागला.

"आगं बाई, दिसली तर सांगा म्हनालीस! गाडी थांबायच्या आदीच बाया रस्त्यात हुब्या. मला वाटलं मोर्चाच हाय. पाट्या खाली टाकून आलेल्या सगळ्या. एक उंच म्हातारी तर दाराच्या दांडीलाच लटकली. 'पोचली का? पोचली का?' मी व्हय म्हनलं तवा कुटं गाडी सोडली."

"आणि माय? माय काय म्हणाली?"

तो डोकं खाजवायला लागला. "त्यातली तुजी आई कोनती ते मला कळलंच न्हाय गं. सगळ्याच इचारायल्या हुत्या."